सालदार ‘आला’, तलाठी ‘आले’

‘धडगावच्या बसमध्ये एक बाई चढली आणि खिडकीशी जाऊन बसली.’ कथेत एवढंच वाक्य असलं, तरी वाचकासमोर अख्खी बाई उभी राहते. पाचवारी साडी, कपाळाला टिकली, गळ्यात काळी पोत, रंग ना गोरा ना काळा. तोंड उघडलं तर पाठ्यपुस्तकातली मराठी बोलेल अशी. लेखकाने यातलं काहीही दिलेलं नसतं. नंदुरबार जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेप्रमाणे 69 टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत आणि धडगाव तर थेट सातपुड्यातला तालुका. त्या बसमध्ये चढणारी बाई पावरा किंवा भिल्ल असण्याचीच शक्यता सर्वांत जास्त. शेजारणीशी ती पावरीत किंवा भिलीत बोलेल, कंडक्टरशी वेगळ्या भाषेत. वाचकाने मनाने बसवलेली बाई त्या बसमध्ये अपवाद ठरेल.

हा जो न सांगता उभा राहणारा गृहीत माणूस, त्याच्याबद्दल अमेरिकेत बरीच मोजमापं झाली आहेत. 1965 साली नॅन्सी लॅरिक यांनी तिथल्या मुलांच्या पुस्तकांचा हिशोब मांडला. 1962 ते 1964 या तीन वर्षांतली पाच हजारांहून अधिक पुस्तकं त्यांनी तपासली. त्यातल्या फक्त 6.7 टक्के पुस्तकांत एखादं तरी कृष्णवर्णीय पात्र होतं. पण माझ्या मते त्याहून शिकवणारी गोष्ट 2012 ची आहे. ‘द हंगर गेम्स’ या कादंबरीतल्या रू नावाच्या मुलीची कातडी गडद तपकिरी आहे, असं लेखिकेने स्वच्छ लिहिलेलं आहे. तरीही चित्रपटात त्या भूमिकेत कृष्णवर्णीय मुलगी दिसली, तेव्हा पुस्तक वाचलेल्या कित्येकांना धक्का बसला आणि काहींनी तो उघडपणे बोलूनही दाखवला. म्हणजे सांगूनही भागलं नव्हतं. वाचकाने ते विशेषण ओलांडलं आणि आपली नेहमीची मुलगी तिथे बसवली.

आपल्याकडे मामला जास्त गुंत्याचा आहे, कारण आपला गृहीत माणूस कातडीवरून ठरत नाही. खान्देशात तर नाहीच. चैत्र-वैशाखात भुसावळचा पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा शेतातल्या प्रत्येकाचा रंग उन्हाने ठरतो. लेवा या शेतकरी जातीतल्या एकाच घरात एक भाऊ उजळ आणि दुसरा काळासावळा असतो. भिल्लांच्या घरातही तसंच. आपला गृहीत माणूस ठरतो आडनावावरून, बोलीवरून, घराच्या ओट्यावरून, आणि सर्वांत जास्त क्रियापदावरून. त्या क्रियापदाकडे येतोच, पण आधी रंगाचं निस्तरू, कारण पहिली चूक तिथेच होते.

मराठी कथेत रंगाचा एक ठरलेला साचा आहे. ‘सावळी होती, पण नाकीडोळी नीटस.’ ‘काळा असला तरी तरतरीत.’ सगळं नुकसान त्या ‘पण’ आणि ‘तरी’मध्ये आहे. नायिका गोरी असेल, तर ‘गोरी होती, पण नाकीडोळी नीटस’ असं कोणी लिहीत नाही. नाकाचं हे वेड निरुपद्रवी समजू नये. 1901 च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ली नाकाची रुंदी भागिले उंची गुणिले शंभर असा आकडा काढत आणि त्यावरून जातींची उतरंड लावू पाहत. नाक जितकं रुंद, तितकी जात खाली, असा त्यांचा दावा. शास्त्र म्हणून तो टिकला नाही. पण धारदार नाकाचा नायक आणि चपट्या नाकाचा नोकर आपल्या गोष्टींतून हलले नाहीत.

दुरुस्ती अवघड नाही. कच्चा खर्डा घ्यावा आणि ज्या ज्या पात्राचा रंग सांगितला आहे, तिथे पेन्सिलीने खूण करावी. खुणा फक्त सालदार (वर्षाच्या बोलीवर राबणारा शेतगडी), मोलकरीण, भिल्लीण आणि गावगुंड यांच्यावरच पडल्या, तर निदान झालं: बाकीच्यांचा रंग ‘रंग’ म्हणून लेखकाला दिसलेलाच नाही. मग दोन वाटा उरतात. सगळ्यांचा रंग सांगायचा, सरपंचाचा, डॉक्टरीणबाईचा आणि निवेदकाचासुद्धा. किंवा कोणाचाच सांगायचा नाही. कथा लहान असेल तर मी दुसरी वाट धरायला सांगेन, आणि रंगाच्या जागी कामाची खूण. रावेर-यावलकडे केळीचे घड कापणाऱ्या माणसाच्या सदऱ्यावर चिकाचे तपकिरी-काळे डाग असतात. हा चीक ओला असताना पाण्यासारखा दिसतो, वाळला की डाग धरतो आणि मग कितीही धुतला तरी जात नाही. म्हणून कापणीचे कपडे वेगळे ठेवलेले असतात. बागेचा मालक आणि कापणारा यांच्यातला फरक त्या सदऱ्यावर वाचता येतो. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर देठ खुडणारी बाई नाकातोंडाला फडकं बांधते, आणि घरी गेल्यावर त्या बोटांनी लेकराच्या डोळ्याला हात लावत नाही. कापूस वेचणाऱ्या बोटांवर वाळल्या बोंडाचे ओरखडे असतात, नखाच्या कडेला जास्त. असं एक वाक्य मिळालं की ‘काळीसावळी, शिडशिडीत’ लिहिण्याची गरज उरत नाही.

आता क्रियापद. मराठीत तिसऱ्या माणसाबद्दल लिहिताना प्रत्येक वाक्यात ठरवावं लागतं की तो ‘आला’ की ते ‘आले’. यातून सुटका नाही. म्हणजे जातीचा, पैशाचा, हुद्द्याचा एक शब्दही न उच्चारता निवेदक पानभर उतरंड लावत जातो, आणि बहुतेक वेळा त्याला स्वतःला ते कळत नाही. हा नमुना बघा:

‘सकाळी तात्या ओट्यावर बसले होते. तलाठी आले. चहा झाला. तेवढ्यात सुकलाल आला आणि बैल सोडून घेऊन गेला.’

सुकलाल साठीचा आहे, तात्यांच्या शेतावर वीस वर्षं सालदार आहे. तलाठी सत्तावीस वर्षांचा आहे, गेल्या वर्षी नोकरीला लागला. वयाचा मान धरला तर क्रियापदं उलटी हवीत. हुद्द्याचा धरला तर निवेदक तात्यांच्या ओट्यावर, तात्यांच्या शेजारी बसून गोष्ट सांगतो आहे. वाचकही नकळत तिथेच बसतो. आता हेच असं लिहून पाहा:

‘सकाळी तात्या ओट्यावर बसले होते. तलाठी आला. चहा झाला. तेवढ्यात सुकलालबाबा आले आणि बैल सोडून घेऊन गेले.’

एवढ्याने निवेदक ओट्यावरून उठला. आणि पुढच्या ओळीत तात्या ‘ए सुक्या!’ अशी हाक मारतात, तेव्हा तो एकेरीपणा तात्यांचा म्हणून ऐकू येतो, आधीसारखा गोष्टीत विरघळून जात नाही. चहा सुकलालबाबांना मिळाला नाही, हेही आता दिसतं. पहिल्या नमुन्यातही तो मिळालेला नव्हता, पण तिथे कोणाच्या लक्षात येणार नाही.

सगळ्यांना सरसकट ‘अहो-जाहो’ करा, असं याचं उत्तर नाही. मराठीत एकेरी हे मायेचंही असतं. ‘आई आली’ असंच आपण लिहितो, आणि खेड्यात बापाला ‘तू’ म्हणणारी घरं पुष्कळ. गोष्ट सुरू करण्यापूर्वी निवेदकाचा एक नियम ठरवावा: वयाप्रमाणे, किंवा ओळखीप्रमाणे, किंवा सगळेच एकेरी. मग तो शेवटपर्यंत पाळावा. पात्रांनी आपापसात तो खुशाल मोडावा, कारण खरी माणसं मोडतातच. निवेदक गावातलाच कोणी असेल आणि ‘मी’ म्हणून बोलत असेल, तर त्याचा पक्षपात त्याचा आहे. मात्र गोष्टीत निदान एक माणूस असा हवा, ज्याला तो पक्षपात खुपतो.

सालदार हे पात्र घेतलंच आहे, तर त्याचं वर्षही माहीत हवं. खान्देशात साल ठरतं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणि पुढच्या आखाजीला संपतं. वर्षाची रक्कम तेव्हाच बोलली जाते आणि तिच्यातली काही उचल म्हणून आधी हातात पडते. म्हणून ‘पोळ्याच्या दिवशी भांडण झालं आणि सुकलाल काम सोडून निघून गेला’ असं लिहिलं, की धुळे-जळगावचा वाचक तिथेच अडतो. उचल कोणी फेडली? मध्येच साल मोडणारा माणूस मोठा निर्णय घेतो आहे, त्याच्या घरी त्यावर आधी रात्रभर बोलणं झालं असणार. लेखकाने ते घर रिकामं सोडलं, कारण सालदाराला घर असतं हेच गृहीत नव्हतं. आणि आखाजी हा याच मुलखात माहेरवाशिणींचा सण. लेकी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. ज्या दिवशी सालदाराच्या पुढच्या वर्षाचा सौदा होतो, त्याच दिवशी त्याची लेक माहेरी आलेली असते. एवढं समोर असताना, सालदार ‘आला आणि गेला’ या दोन क्रियापदांत का संपतो, हे मला अनेक गोष्टी वाचताना खटकतं.

आडनावाचं थोडक्यात. ‘पाटील’ म्हणून खान्देशात काहीच कळत नाही. लेवा, मराठा, गुजर, सगळ्यांत पाटील आहेत. ‘तडवी’ यावल-रावेरकडे बहुधा मुसलमान तडवी भिल्ल असतो, आणि नर्मदाकाठच्या तडव्याचा धर्म वेगळा. वसावे, पाडवी, वळवी, गावित ही नंदुरबारची नावं. पुण्यातल्या वाचकाला त्यातून काही बोध होत नाही, नवापूरच्या वाचकाला सगळा होतो, आणि नवापुरात मावची ख्रिस्ती कुटुंबंही आहेत हे तो धरून चालतो. म्हणून आडनावावर भिस्त ठेवू नये. ते द्यावं, पण वाचकाला त्यातून सगळं समजेल असं मानू नये. नावाच्या शेपटीवर मात्र नजर ठेवावी. पाटलांचा मुलगा ‘प्रशांत’ आणि भिल्लाचा मुलगा ‘सुक्या’, ‘बुध्या’, असं झालं, तर शाळेच्या हजेरीपटावर त्याचं नाव काय आहे ते आधी ठरवावं आणि निवेदकाने तेच वापरावं.

बोलीत सर्वांत जास्त घोळ होतो. ‘ग्रामीण’ नावाची एक भाषा लेखकांनी बनवून ठेवली आहे: ‘म्या’, ‘व्हय’, ‘न्हाय’, ‘नगं’. ती शिरपूरच्या माणसाच्या तोंडी घातली, की शिरपूर नकाशावरून पुसलं जातं. खान्देशात निदान तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. एक अहिराणी: ‘माले’, ‘तुले’, ‘मना’ (माझा), ‘तुना’, ‘शे’ (आहे), ‘आठे’, ‘तठे’, मुलगा ‘आंडोर’, मुलगी ‘आंडेर’, आणि ‘ळ’च्या जागी ‘य’, डोळ्याचा ‘डोया’. दुसरी लेवा गणबोली, बहिणाबाई चौधरींची: तिथेही ‘डोये’ आहेत, पण ‘माले’च्या जागी ‘मले’ येतं, आणि ‘मना’, ‘शे’ येत नाहीत. एकाच तोंडात अहिराणी ‘मना’ आणि लेवा बोलीतलं ‘माह्या’ दोन्ही आले, तर बहुधा लेखकाने दोन जिल्हे एकत्र ढवळले आहेत. वाक्य तपासायला एवढी खूण पुरते. तिसरी गोष्ट म्हणजे सातपुड्यातल्या भाषा: भिली, पावरी, मावची. त्यांना मराठीचं बिघडलेलं रूप समजून लिहिणं ही साधी माहितीची चूक आहे. ब्रिटिश काळात भारतातल्या भाषांचं सर्वेक्षण करणाऱ्या ग्रियर्सनने 1907 च्या खंडात खान्देशीसुद्धा मराठीत न घालता भिल्ल भाषांच्या शेजारी ठेवली होती. आणि 2011 च्या जनगणनेत खान्देशी मराठीपासून वेगळी मोजली आहे, बोलणारे 18 लाखांवर. भिली-भिलोडी गटाचे देशभरात एक कोटीवर.

आता लिहिताना काय करायचं? पावरा माणूस बायकोशी बोलतो, तेव्हा तो पावरी बोलतो, आणि त्या भाषेत तो अडखळत नाही. टोमणा मारतो, लांबलचक वाक्य करतो, म्हण वापरतो. मराठी पुस्तकात ते बोलणं पूर्ण, नीट, सफाईदार मराठीत उतरवावं. तोच माणूस तळोद्याच्या दुकानदाराशी कामापुरतं वेगळं बोलतो आणि तहसीलदारासमोर मोडक्या मराठीत. मोडकी मराठी फक्त तिथे यावी. नेहमी होतं ते उलटं: घरातही त्याला तुटकं बोलायला लावतात, आणि वाचक समजतो की हा माणूस विचारही तुटकाच करतो.

अहिराणी संवादासाठी माझा हिशोब असा: पहिल्या दोन पानांत आठ-दहा रूपं पक्की करावीत, तीच पुन्हा पुन्हा यावीत, आणि अर्थ पुढच्या कृतीतून कळावा. ‘आठे ये,’ म्हणून म्हातारीने पाट सरकवला, की ‘आठे’ कुठे ते वाचकाला समजतं. कंसात अर्थ देऊ नये, तळटीप तर नकोच. तळटीप आली की पान दोघांत वाटलं जातं, वर बोलणारे आणि खाली समजावून सांगणारे. आणि एक प्रयोग प्रत्येकाने करून पाहावा: एक प्रकरण निवेदनासकट अहिराणीत लिहायचं आणि प्रमाण मराठी फक्त बाहेरून आलेल्या साहेबाच्या तोंडी ठेवायची. ते छापलं नाही तरी चालेल. मूळ मजकुराकडे परत आल्यावर कोणती वाक्यं साहेबाच्या जागेवरून लिहिली होती, ती आपोआप हाती लागतात.

मग राहतो आदिवासी पात्राला मिळणाऱ्या कामांचा प्रश्न. तो वाटाड्या असतो, जागल्या असतो, नायकाला वाचवून मरतो, किंवा काठी गावच्या राजवाडी होळीत मोरपिसांचा टोप घालून नाचतो. होळी खरी आहे आणि फार देखणी आहे. पण नाचणारा माणूस होळीच्या दुसऱ्या दिवशी कुठे जातो? कोणी टोळीतल्या इतरांबरोबर ऊसतोडीला जातो, गुजरातेत. कोणी 2006 च्या वनहक्क कायद्याखाली टाकलेला दावा कुठवर आला, ते विचारायला तालुक्याला जातो. सोबत वनखात्याच्या जुन्या दंडाच्या पावत्या पिशवीत जपलेल्या, कारण जमीन कसत होतो याचा तो पुरावा. कोणाची मुलगी आश्रमशाळेतून बारावी होऊन जात पडताळणीच्या कागदासाठी खेटे घालते. कोणाचं मूळ गाव सरदार सरोवराच्या पाण्यात गेलं. महाराष्ट्रातली 33 गावं त्यात बाधित झाली. पाणी आलं ते आधी मणिबेलीत. पुनर्वसन गावठाणात जन्मलेल्या मुलाने ते गाव पाहिलेलंच नाही. यातल्या प्रत्येकात एक कादंबरी आहे, आणि तिचा नायक तोच असायला कोणाचीही आडकाठी नाही.

दुसऱ्या टोकाला भुसावळ. रेल्वेचं जंक्शन, त्यामुळे तिथल्या वसाहतीत दक्षिणेतली, उत्तरेतली, अँग्लो-इंडियन कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहिली. भुसावळच्या गोष्टीत सगळी पात्रं मराठी हिंदू असतील, तर लेखकाने फलाटाबाहेर पाऊल टाकलेलं नाही.

एवढं करूनही आपल्याला न दिसलेलं पुष्कळ राहतं. म्हणून खर्डा त्या समाजातल्या निदान दोघांना वाचून दाखवावा. एकाला नको, एकटा माणूस नकळत सगळ्या जमातीच्या वतीने बोलू लागतो. दोघांत एक बाई असावी. मोठ्याने वाचावं, कारण बोलीतली चूक कानाला लवकर कळते, आणि त्यांच्या वेळेचे पैसे द्यावेत. ‘कसं वाटलं?’ असं विचारू नये. त्याला ‘छान’ हेच उत्तर येतं. अपमान झाला असला तरी पाहुण्याच्या तोंडावर कोणी सांगत नाही. नेमकं विचारावं. हा माणूस मोठ्या बहिणीला काय हाक मारेल? पाहुणा आला तर याच्या घरात आधी पाणी कोण आणेल? दादर ज्वारीची भाकरी रोज परवडते का याला, की ती पाहुण्यापुरती? शेवटी विचारावं, की यातलं कोणतं वाक्य तुमच्या घरात मोठ्याने वाचता येणार नाही. या प्रश्नावर माणसं थोडा वेळ घेतात, आणि मग बहुतेकदा लेखकाला सर्वांत आवडलेल्या वाक्यावर बोट ठेवतात. ते काढावं. खर्ड्याची एक प्रत त्यांच्याकडेच ठेवावी, म्हणजे नंतर आठवलेलं त्यांना सांगता येईल, आणि ऋणनिर्देशात नाव घालण्यापूर्वी ते घातलेलं चालेल का, हेही विचारून घ्यावं.